शिळ्या उसाचे गणित

२०२१-२२ च्या गाळप हंगामात महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर काढून विक्रम केला. आधीची काही वर्षे पाऊस बरा झाला होता, मराठवाड्यात उसाखालचे क्षेत्र वाढले होते. पण विक्रमाची बातमी छापून आली तेव्हाही लातूर, नांदेड, बीड, जालना, परभणी, उस्मानाबाद या पट्ट्यात ऊस फडात उभाच होता. एरवी मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडणारे कारखाने त्या वर्षी जूनपर्यंत चालले. अखेर राज्य सरकारला दोन अनुदाने द्यावी लागली. पहिले वाहतुकीचे : ५० किलोमीटरपलीकडून ऊस आणला तर पुढच्या प्रत्येक किलोमीटरला टनामागे ५ रुपये. दुसरे, १ मे नंतर गाळलेल्या उसाला टनामागे २०० रुपये. हे दुसरे अनुदान ‘उतारा घट’, म्हणजे टनामागे निघणाऱ्या साखरेतली घट, भरून काढण्यासाठी होते.

पहिल्या अनुदानाचे कारण कुणालाही कळेल. दुसऱ्याचे मात्र थांबून समजून घ्यावे लागते. ऊस तोच, कारखाना तोच, यंत्रे तीच. मग जानेवारीत टनामागे जेवढी साखर पोत्यात पडते तेवढी मे महिन्यात का पडत नाही?

याची काही कारणे शेतात आहेत. वेळेवर न तुटलेल्या उसाला तुरा येतो, पाण्याच्या पाळ्या चुकतात, कांडी आतून पोकळ पडू लागते, पक्वता उलटते. तोडणीच्या टोळ्या गावाकडे परतू लागल्या की तोडलेला ऊसही रखडतो. पण एक कारण शुद्ध रसायनशास्त्राचे आहे, आणि या प्रकरणाचा विषय तेच आहे : तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेगाने होते. किती वेगाने, याचे उत्तर मात्र आपल्या अंदाजापेक्षा फार वेगळे निघते.

मोळी बांधल्यानंतर

उसातली साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोजचा एक रेणू आणि फ्रुक्टोजचा एक रेणू एकमेकांना जोडून तो बनतो. पाण्याचा एक रेणू मध्ये शिरला की ही जोडी फुटते आणि दोन्ही साखरा सुट्या होतात. गोडी संपत नाही, पण कारखान्याच्या दृष्टीने साखर गेली. कारण या सुट्या साखरा सुक्रोजसारखे खडे धरत नाहीत; त्या मळीबरोबर निघून जातात.

उभ्या उसात ही तोडफोड आटोक्यात असते. कोयता बसला की मुळांकडून येणारे पाणी थांबते, कांडी वाळू लागते आणि उसातच असलेले इन्व्हर्टेज नावाचे विकर मोकळे सुटते. कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू आत शिरतात. ते साखर खातात आणि बदल्यात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ सोडतात. असा रस गाळायला त्रास देतो, पॅनमध्ये दाणाही नीट धरत नाही. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा दंडक आहे. अर्धापूर तालुक्यातला भाऊराव चव्हाण असो की लातूरजवळचा मांजरा, कुठल्याही कारखान्याच्या यार्डात उभ्या असलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेत ही क्रिया चालू असते. डिसेंबरच्या थंडीत ती सावकाश चालते. मे महिन्यात, पारा ४२-४३ अंशांवर असताना, ती तशी चालत नाही.

साखरेनेच शिकवलेला नियम

रासायनिक क्रियांचा वेग मोजण्याचे शास्त्र जगात सुरू झाले ते याच क्रियेपासून. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या पाण्यात आम्ल घातले आणि ती फुटण्याचा वेग मोजला. त्याने निवडलेली युक्ती सोपी होती. सुक्रोजच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचे प्रतल उजवीकडे वळते. साखर फुटून तयार झालेले मिश्रण ते डावीकडे वळवते. द्रावणाला हात न लावता नुसता हा कोन बघत बसले, की किती साखर फुटली ते कळते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’ काढतात तो याच गुणधर्मावर.

१८८४ मध्ये डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी तापमान आणि वेग यांच्या नात्याला गणिताचे रूप दिले. तापमान १० अंशांनी वाढले की बऱ्याच क्रियांचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो, हा ठोकताळा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल, १९०१ चे, त्यांना मिळाले. पण असे का होते, हा प्रश्न उरला होता. त्याला १८८९ मध्ये हात घातला तिशीतल्या स्वान्ते अर्‍हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने. त्याच्या त्या निबंधाचा विषय होता आम्लामुळे उसाची साखर फुटण्याचा वेग. बारावीच्या पुस्तकात ‘अर्‍हेनियसचे समीकरण’ म्हणून जे येते, आणि लातूरच्या शिकवणी वर्गांत नीटच्या तयारीसाठी ज्याची उदाहरणे रोज सोडवली जातात, त्याचे मूळ या साखरेत आहे.

अर्‍हेनियससमोरचे कोडे असे होते. तापमान वाढले की रेणू जोरात धावतात आणि जास्त वेळा एकमेकांवर आदळतात, हे खरे. पण किती जास्त? ३० अंशांवरून ४० अंशांवर गेले तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्क्यांनीही वाढत नाही. कारण खरे तापमान मोजायचे ते निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून. त्या मापाने ३० अंश म्हणजे ३०३ आणि ४० अंश म्हणजे ३१३, फरक किरकोळ. मग आम्लात साखर फुटण्याचा वेग याच १० अंशांत जवळजवळ चौपट कसा होतो?

बालाघाटाचा चढ

अर्‍हेनियसचे उत्तर असे : सगळे रेणू क्रियेत भाग घेतच नाहीत. ठरावीक ऊर्जा अंगी असलेलेच घेतात, आणि असे रेणू फार थोडे असतात.

नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे, लातूर सुमारे ६३० मीटरवर. मधे बालाघाटाचा चढ आहे. क्रिया होण्याआधी रेणूंनाही असा एक चढ चढावा लागतो : जुने बंध ताणायचे, मोडायच्या बेतात आणायचे, मग पलीकडे उतार. या चढाच्या उंचीला सक्रियण ऊर्जा म्हणतात. चढ उंच असेल तर माथ्यावर पोहोचणारे कमी. ठेंगणा असेल तर जास्त.

पोहोचणारे किती, याचा हिशेब करता येतो. मोलमागे ५० किलोज्यूल इतकी सक्रियण ऊर्जा धरू. अनेक नेहमीच्या क्रियांची ती याच्या आसपास असते. २७ अंशांवर एवढी ऊर्जा असणारे रेणू १०० कोटींमागे जेमतेम २ निघतात. ३७ अंशांवर ते जवळजवळ ४ होतात. गर्दीची सरासरी किंचित हलली, पण गर्दीच्या टोकाला उभ्या असलेल्या मूठभरांची संख्या दुप्पट झाली. क्रियेचा वेग या मूठभरांवर ठरतो, बाकीच्या कोट्यवधींवर नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. ‘१० अंशांना दुप्पट’ हा सर्व क्रियांचा नियम नाही. ५० किलोज्यूलच्या आसपासच्या क्रियांचा तो योगायोग आहे. आम्लाने साखर फोडायची तर सक्रियण ऊर्जा सुमारे १०८ किलोज्यूल लागते, म्हणून ३० वरून ४० वर जाताना वेग चौपट होतो. चढ जितका उंच, तितकी ती क्रिया तापमानाला जास्त हळवी.

आणि विकर काय करते? ते रेणूंना जास्तीची ऊर्जा देत नाही; त्याच डोंगरातून कमी उंचीची खिंड काढून देते. इन्व्हर्टेजच्या मदतीने साखर फुटायला आम्लाच्या मानाने निम्म्याहूनही कमी ऊर्जा पुरते. त्यामुळे तोडलेल्या उसात, आम्लाची फारशी मदत नसतानाही, साखर फुटत राहते. त्या क्रियेचा वेग १० अंशांना चौपट होत नाही, दुपटीच्या जवळपास राहतो. पण खिंड मुळातच खाली असल्याने ती थंडीतही थांबत नाही. मे महिन्यात यात जिवाणूंच्या वाढीची भर पडते. यार्डातल्या ऊन खात थांबलेल्या ट्रॉलीचा हिशेब असा बिघडतो.

कारखान्याचे दोन बचाव

ऊस गव्हाणीत पडला म्हणजे धोका टळला असे नाही. उलट खरा धोका पुढेच आहे. उसाचा रस किंचित आंबट असतो. त्याचा सामू ५ च्या थोडा वर. आणि साखर करायची तर रसातले पाणी उडवायला हवे, म्हणजे रस तापवायलाच हवा. ३० अंशांवरच्या आंबट रसाच्या तुलनेत १०० अंशांवरच्या तशाच रसात साखर फुटण्याचा वेग सुमारे ३,००० पट असतो. हा रस तसाच उकळला तर साखरेऐवजी काकवी हाती लागेल.

पहिला बचाव चुन्याचा. चुना आणि गंधकाचा धूर देऊन रस शुद्ध करतात, तेव्हा गाळ तर खाली बसतोच, पण आंबटपणाही मारला जातो. या क्रियेचा वेग आम्लाच्या प्रमाणावर अवलंबून असतो, आणि सामू एकाने वाढला की आम्ल दहापट कमी होते. ५ वरून ७ वर आणले की वेग शंभरावा भाग. चुना कमी पडला तर साखर फुटते. जास्त झाला तर सुट्या साखरा करपून रस काळवंडतो. म्हणून सामूवर चोवीस तास लक्ष ठेवावे लागते.

दुसरा बचाव निर्वाताचा. हवेचा दाब कमी केला की पाणी कमी तापमानाला उकळते. इंग्लंडच्या एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी १८१३ च्या सुमारास निर्वात पॅन आणला, आणि न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलिए यांनी १८४० च्या दशकात एकामागून एक भांडी जोडून एकाच वाफेकडून अनेकदा काम करून घेणारी योजना सिद्ध केली. आजही तीच चालते. पहिल्या भांड्यात रस पातळ, तापमान जास्त. शेवटच्या भांड्यात रस दाट आणि तापमान ५५-६० अंशांवर आलेले. जिथे साखर सर्वांत दाट आणि करपण्याचा धोका सर्वांत मोठा, तिथेच उष्णता सर्वांत कमी. ६० अंशांच्या मानाने १०० अंशांवर हीच साखर साठपटीहून अधिक वेगाने फुटते, एवढे लक्षात घेतले तर या खटाटोपाचे मोल कळते.

गुऱ्हाळाकडे निर्वात पॅन नसतो. तिथे उघड्या काहिलीत, चुलवणात चिपाडे सारून, रस ११५ अंशांच्या वर न्यावा लागतो. त्याखाली गूळ बसत नाही. सगळा भार गुळव्याच्या नजरेवर. पाक पाण्यात टाकून गोळी बघायची आणि नेमक्या क्षणी काहील उतरवायची. शेवटच्या काही अंशांत साखर फुटणे, सुट्या साखरांचा प्रथिनांच्या घटकांशी संयोग होऊन रंग चढणे आणि करपणे या तिन्ही क्रिया एकदम उसळतात. उतरवायला उशीर झाला तर गूळ काळा पडतो आणि भाव पडतो. साखर जास्त फुटलेली असेल तर पावसाळ्यात त्याच गुळाला पाणी सुटते.

वेगही बदलतो, निकालही

इथवर उष्णतेने एकच क्रिया कमी-अधिक वेगाने होते असे धरले. पण एका पदार्थात अनेक क्रिया एकाच वेळी चालू असतात, आणि प्रत्येकीचा चढ वेगळा. तापमान बदलले की त्यांच्यातली चढाओढही बदलते. मग नुसता वेळ वाचत नाही. हाती लागणारी वस्तूच वेगळी होते.

अर्धापूरची केळी हे त्याचे उत्तम उदाहरण. कच्च्या केळात स्टार्च असतो. पिकताना त्याची साखर होते, गर मऊ पडतो, सालीतले हरितद्रव्य मोडून आतला पिवळा रंग दिसू लागतो. उष्णतेने या सगळ्या क्रिया सारख्याच वेगाने वाढल्या असत्या, तर उन्हाळ्यात केळी नुसती लवकर पिकली असती. प्रत्यक्षात ३० अंशांच्या वर गर मऊ आणि गोड होतो, पण हरितद्रव्य मोडणारी यंत्रणा मागे पडते. आतून पिकलेले, बाहेरून हिरवट राहिलेले केळे गिऱ्हाईक घेत नाही. म्हणून रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडून तापमान १६ ते १८ अंशांवर धरतात आणि चार-पाच दिवसांत माल एकसारखा पिवळा काढतात. आणखी थंड केले तर आणखी बरे, असेही नाही : १३ अंशांखाली केळीच्या पेशींना इजा होते, साल काळी पडते. जिवंत मालाला खालूनही मर्यादा असते.

बांधकामाचेही तसेच. सिमेंट पाण्याने घट्ट होते ती रासायनिक क्रिया आहे आणि ती स्वतःही उष्णता सोडते. मे महिन्याच्या दुपारी स्लॅब टाकला तर काँक्रीट लवकर आळते, पहिल्या काही दिवसांची ताकदही जास्त दिसते. पण घाईने तयार झालेले सिमेंटचे स्फटिक दाण्याभोवतीच दाटतात, पुढच्या पाण्याची वाट अडवतात, आणि महिन्याभरानंतरची ताकद सावकाश घट्ट झालेल्या काँक्रीटपेक्षा कमी भरते. भारतीय मानक ७८६१ मध्ये ४० अंशांवरच्या काँक्रीटसाठी वेगळी काळजी सांगितली आहे ती यासाठी. खडी-वाळू सावलीत ठेवणे, मिश्रणात गार पाणी किंवा बर्फ वापरणे, पहाटे किंवा संध्याकाळी काम उरकणे आणि नंतर भरपूर पाणी मारणे.

सरासरी फसवते

आता सोयाबीनकडे येऊ. लातूरच्या बाजार समितीत ज्या पिकाने बस्तान बसवले, त्याचे बियाणे फार नाजूक. ऑक्टोबरमध्ये मळणी झाली की पेरणीपर्यंत आठ महिने ते जिवंत राखायचे असते, आणि त्यातला मार्च ते जून हा काळ उष्णतेचा. दाण्यातल्या तेलाचे हवेशी संयोग होणे, प्रथिनांचे बिघडणे या क्रिया हळूहळू कोंब मारतात. अमेरिकी बियाणेतज्ज्ञ हॅरिंग्टन यांचा यावर एक प्रसिद्ध ठोकताळा आहे : साठवणीचे तापमान ५ अंशांनी कमी केले की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते, दाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी केला तरी दुप्पट. म्हणजे ४० अंशांच्या पत्र्याच्या शेडपेक्षा २५ अंशांची खोली आठपट बरी. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण तपासायची, ७० च्या वर उगवले तर बिनधास्त पेरायचे, हा कृषी विभागाचा सल्ला म्हणजे या आठ महिन्यांच्या रसायनाची परीक्षाच असते.

पण शेडमध्ये काही दिवसभर ४० अंश नसतात. रात्री गारही पडते. मग सरासरी काढून चालणार नाही का? इथे अर्‍हेनियसचे समीकरण सावध करते. औषधांच्या साठवणीसाठी जे. डी. हेन्स यांनी १९७१ मध्ये याचा हिशेब मांडला. समजा, एका खोलीत सतत ३० अंश तापमान आहे. दुसऱ्या खोलीत निम्मा वेळ २० आणि निम्मा वेळ ४० अंश. सरासरी पुन्हा ३०. औषधे खराब होण्याच्या क्रियेची सक्रियण ऊर्जा या हिशेबात सुमारे ८३ किलोज्यूल धरतात. त्यानुसार ४० अंशांवर वेग ३० च्या सुमारे २.९ पट होतो आणि २० अंशांवर एक तृतीयांशाच्या जरा खाली उतरतो. दोहोंची सरासरी काढली तर दुसऱ्या खोलीतले औषध पहिलीपेक्षा ६० टक्के जास्त वेगाने खराब होते. तिचे परिणामी तापमान ३० नाही, ३४.४ अंश आहे. गार अर्धा भाग तापलेल्या अर्ध्या भागाची भरपाई करू शकत नाही.

गोळ्यांच्या पाकिटावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असे लिहिलेले असते ते अशा हिशेबांतून आलेले असते. कंपन्या नवे औषध ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून ते किती टिकेल याचा अंदाज घेतात. त्यांच्या भाषेत ही वेगवर्धित चाचणी. नांदेडमध्ये मे महिन्यातली बहुतेक प्रत्येक दुपार त्या तापमानाची असते. इन्सुलिनची गोष्ट आणखी निराळी : ते प्रथिन आहे, जास्त तापले की त्याची घडीच उलगडते, म्हणून न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांवरच हवी. तिला हा साधा हिशेब लागू पडत नाही.

या सगळ्यातून घरात आणि गोदामात वापरता येईल असा एक निष्कर्ष निघतो. वरच्याच आकड्यांनी पाहिले तर पहाटेचे २५ अंश २० वर आणल्याने जेवढा फायदा होतो, त्याच्या साडेचार पट फायदा दुपारचे ४० अंश ३५ वर आणल्याने होतो. अंश पाचच, खर्चही कदाचित तेवढाच. पण नुकसान जिथे होत असते तिथे तो पोहोचतो. म्हणून थंडाव्यासाठी पैसा थोडाच असेल तर तो दुपारच्या चार-पाच तासांवर खर्च करावा. पत्र्याला चुन्याचा पांढरा हात द्यावा, पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरावी, बियाण्याच्या गोण्या मधल्या खोलीत लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात, औषधाचा डबा माळ्यावरून खाली आणावा. यातले काहीच महाग नाही, आणि कुठल्याही उपायाची किंमत करायची असेल तर एकच प्रश्न विचारावा : दुपारी तीनला इथे किती अंश कमी झाले?